पाच वाजताचं घोरणं

१९ जानेवारी १९८८. घरातल्या सहा उशा उसवून कापूस पिंजायला दिला होता. पिंजारी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत वर्षातून एकदाच येतो, आणि खाली त्याची तार वाजू लागली की सगळ्या बायका गाद्या-उशा घेऊन उतरतात. मी अंगणात स्टुलावर बसून अभ्रे उलटे करून शिवण तपासत होते. तेवढ्यात कोपऱ्यावरचा वाणी दुकान सोडून आला. मुलुंडहून फोन होता, माझ्या मोठ्या जाऊबाई, नलूवहिनी, पहाटे झोपेत गेल्या. त्या निवृत्त झाल्यापासून लेकीकडे मुलुंडला राहत होत्या. वय चौसष्ट. आजार नाही, अंथरूण नाही, कुणाला एक भांडं उचलायला लावलं नाही. मी पिंजाऱ्याला म्हटलं, कापूस भरून टाके घालून ठेव, मी संध्याकाळी नेते. अर्धवट पिंजलेला कापूस टाकून गेलं तर अंगणभर उडतो. माझ्या जागी वहिनी असत्या तरी आधी उशांचंच बघितलं असतं.

वहिनी म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात आया होत्या. पंचवीसेक वर्षं, त्यातली बरीचशी अपघात विभागात. दीर लवकर वारले, पदरात एक मुलगी, तेव्हा त्यांनी ही नोकरी धरली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या आमच्याच इमारतीत एक मजला वर राहायच्या. ड्यूटीवरून आल्या की आधी आंघोळ, मग चहा, त्याआधी कुणाशी बोलणंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याला त्या बाळू म्हणत, कारण त्या लग्न होऊन मालवणहून मुंबईला आल्या तेव्हा हे नऊ वर्षांचे होते आणि नाकाला शेंबूड होता, असं त्या कुणालाही सांगत, अगदी यांच्या साहेबांनासुद्धा. आमचं दोघींचं गूळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. त्या माझ्या आमटीत पाणी घालायच्या आणि मी त्यांच्या पाठीमागे ती पुन्हा उकळत ठेवायचे. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पण मला लिहायचंय ते एका रविवारबद्दल. साडेचार वर्षं झाली त्याला. आषाढातला शेवटचा रविवार, म्हणजे आमच्या इमारतीतल्या पुरुषांची गटारी. आमच्याकडे हे, यांचे चुलतभाऊ दत्तूभावजी आणि ऑफिसातले दोघे असे चौघे बसले होते. मटण मी केलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार एवढीच की संध्याकाळी सहाला गोरेगावला माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता आणि यांनी मला शब्द दिला होता की एकच पेला घेईन. दोन वाजेपर्यंत दोन बाटल्या संपल्या. जेवणं झाली. हात धुवायला हे मोरीत गेले आणि घसरले. धाडकन आवाज आला. मी धावले तर हे नळाला धरून उठत होते आणि हसत होते. उजव्या कानामागे टेंगूळ आलेलं, रक्त नाही. ‘काय नाय गं, मोरीनेच घेतलीय जास्त,’ म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन... आता नक्की आठवत नाही.

मग हे कॉटवर आडवे झाले. साडेतीनला उलटी झाली, चारला पुन्हा. दत्तूभावजी लिंबू-पाणी घेऊन आले आणि ‘वहिनी, जरा डोकं धरा,’ मला म्हणाले. मी साडीला इस्त्री करत होते. मी इस्त्री खाली ठेवलीसुद्धा नाही. म्हटलं, ‘पडू दे त्यांना. उतरली की उठतील. मी चालले साखरपुड्याला एकटी.’ भावजींनी लिंबू-पाणी स्वतःच पिऊन टाकलं. पाच वाजता यांचं घोरणं बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू येत होतं आणि मी आरशासमोर अंबाड्याला गजरा लावत होते. बाकीचे तिघे चहा मागत होते. आणखी दहा मिनिटांनी मी घराबाहेर पडले असते.

वहिनी वरून आल्या त्या रिकामा डबा परत द्यायला. दुपारी मीच त्यांना मटण पाठवलं होतं. डबा टेबलावर ठेवता ठेवता त्या थांबल्या. ‘सुमन, हा कधीपासून असा घोरतो?’ मी म्हटलं, प्यायलेत, घोरतीलच. त्यांनी डबा तसाच ठेवला आणि कॉटपाशी गेल्या. ‘बाळू... ए बाळू...’ उत्तर नाही. गालावर चापट मारली. मग दोन्ही दंडांना एकेक चिमटा काढला, चांगला वळ उठेल असा. उजवा हात झटकन मागे गेला. डावा तसाच पडून राहिला. पापण्या वर करून त्यांनी डोळे बघितले. नंतर यांना कुशीवर वळवून तोंडात बोट घालून आतली घाण काढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘शेवटचा पेला कधी?’

‘दोनला.’

‘पडला बिडला होता?’

मी मोरीचं सांगितलं. वहिनी दत्तूभावजींकडे वळल्या. ‘तू किती घेतलीस रे? ह्याच्याएवढीच ना? मग तू चहा मागतोस आणि हा खाली खाली का जातो? दारू तासातासाने उतरते, मेल्या. चढत नाय. हे घोरणं नाय, ह्याच्या डोक्यात काहीतरी झालंय. गाडी बघ.’

इथे आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखंच केलं. गाडी बघायच्या ऐवजी दत्तूभावजी कपाटातून यांचा धुतलेला शर्ट शोधू लागले. ऑफिसातल्या एकाने लवंगा आणल्या, यांच्या तोंडात टाकायला, वास जावा म्हणून. दुसरा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. दारू प्यायचं सरकारी परमिट कुणाकडेच नव्हतं. इस्पितळात वास आला तर पोलीस केस होईल, ऑफिसला कळेल, असं चाललं होतं. ‘जरा तासभर थांबू, मग नेऊ,’ भावजी म्हणाले. ‘परमिट नाय ना आपल्याकडे.’

‘प्रेताला परमिट लागत नाय,’ वहिनी म्हणाल्या. लवंगा त्यांनी हातातून घेऊन खिडकीबाहेर फेकल्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. खाली बेकरीचा टेम्पो उभा होता. पावाचे ट्रे एका बाजूला सरकवून यांना कुशीवर निजवलं, डोकं वहिनींच्या मांडीवर. मी भरजरी साडीत, गजरा लावलेली, पावांच्या वासात बसले होते. वाटेत वहिनी यांना दर थोड्या वेळाने चिमटा काढत होत्या.

वहिनींच्याच इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टरांनी काय झालं विचारताच भावजी पुढे झाले. ‘चक्कर आली साहेब. पीतबीत नाहीत.’ यांच्या अंगाचा वास दारापर्यंत येत होता. वहिनींनी भावजींना कोपराने बाजूला केलं आणि घडाघडा सांगितलं... अकरा ते दोन, चौघांत दोन बाटल्या, अडीचला मोरीत पडला, उजव्या कानामागे मार, पडल्यावर बोलत होता, साडेतीनपासून दोन उलट्या, पाचला डावा हात गेला. डॉक्टर तरुण होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. ‘अडीचला लागलं आणि आता आणता? घरात कोण होतं?’

मी तोंड उघडलं होतं. वहिनी म्हणाल्या, ‘मी होते. माझ्या लक्षात नाय आलं.’

‘तुम्ही याच खात्यातल्या ना? आणि तुमच्या लक्षात आलं नाही?’ डॉक्टर त्यांना सगळ्यांसमोर, त्यांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या वॉर्डबॉयसमोर, चांगली दोन मिनिटं बोलले. वहिनी मान खाली घालून उभ्या राहिल्या. अख्ख्या हकिकतीत तेवढं एकच खोटं होतं. नंतर एक हवालदार आला, वहीत काहीबाही लिहून घेतलं आणि विचारलं, दारू आणली कुठून? ‘शुद्धीवर आला की तोच सांगेल,’ वहिनी म्हणाल्या. ‘आधी त्याला शुद्धीवर येऊ दे.’ हवालदारही हसला आणि वही मिटून गेला.

यांना तिथून मोठ्या इस्पितळात हलवलं आणि त्याच संध्याकाळी डोक्याचं ऑपरेशन झालं. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. आणखी एक-दोन तास गेले असते तर करण्यासारखं काही उरलं नसतं, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. तीन आठवड्यांनी हे घरी आले. डावा हात सुधारला. वास मात्र येईनासा झाला तो आजपर्यंत, त्यामुळे मी बोंबील तळत असले तरी हे ‘आज काय केलंयस?’ असं विचारतात. दारू सुटली. पहिले काही महिने डॉक्टरांच्या भीतीने, पुढे सवयीने. वहिनींनी डॉक्टरांसमोरच्या त्या खोट्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. आमटीत पाणी घालणं मात्र सोडलं नाही, आणि मी ती पुन्हा उकळायला ठेवणं सोडलं. एवढाच काय तो फरक पडला. त्या निवृत्त झाल्या, नातवंडांत रमल्या, महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊन मासे खाऊन जायच्या. सुखात गेली त्यांची शेवटची वर्षं, असं मी खात्रीने सांगू शकते.

तेरावं करून आम्ही मुलुंडहून परत आलो त्या संध्याकाळी मी यांना सांगून टाकलं. वहिनी असेपर्यंत सांगता आलं नाही, कारण त्यांनी माझ्यासाठी घेतलेला बोल फुकट गेला असता. म्हटलं, ‘वहिनींचं चुकलं नव्हतं. त्या तर डबा द्यायला आल्या होत्या. चार वाजता, पडू दे त्यांना, असं मीच म्हणाले होते.’

हे चपला काढत होते. ‘माहितीये,’ म्हणाले. ‘ऐकलं होतं मी. त्या दिवशीचं तेवढंच आठवतंय मला.’

‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’

‘काय बोलायचं? मला वाटलं, आज बायको खुशीत आहे. झोपू देतेय.’

मला रडू यायच्या ऐवजी हसूच आलं. मग रागही आला. साडेचार वर्षं मी हे पोटात घेऊन फिरले आणि हा माणूस आपला माझे उपकार मानत होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून मी खालच्या मजल्यावरच्या संध्याकडे गेले. तिचं नवीन लग्न झालंय आणि नवरा दर शनिवारी टुन्न होऊन येतो, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. ती भाजी निवडत होती. मी तिला चटईवर आडवं व्हायला लावलं, कुशीवर कसं वळवायचं, गुडघा कुठे दुमडायचा ते दाखवलं, आणि दोन्ही दंडांना चिमटा कसा काढायचा तेही. म्हटलं, हाक मारून जागा होत नसला, कुठे डोकं आपटलेलं असलं, किंवा वेळ जाईल तसा शुद्धीवर यायच्या ऐवजी आणखी गुंगीत चालला, तर गाडी बघायची. किती प्यायला ते डॉक्टरला खरं सांगायचं. आणि शंका आली तरी न्यायचं, फार तर हसं होईल.

संध्या दंड चोळत उठून बसली. ‘बरंय काकू. पण मग भांडायचं कधी?’

‘त्याने उठून बसून स्वतःच्या हाताने चहा प्यायला, की मग,’ मी म्हटलं. ‘त्याच्याआधी नाही.’