शेवटच्या प्रसंगातला हवालदार

वॉटफर्डला आमच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रज बाईंचे वडील नट होते. नायक नव्हेत; सिनेमा नुकता बोलू लागला तेव्हाचे बटलर, गाडीवान, पबमालक, हवालदार. नाटकात कमावलेला खणखणीत आवाज होता, म्हणून बोलपटांनी त्यांना उचललं. चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे. आज या सिनेमात दार उघडायचं, उद्या त्या, आणि श्रेयनामावलीत बहुधा नाव नाही.

बाईंचा एक कान गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. तो जायच्या आत वडिलांचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं. मी खटपट करून एक सिनेमा मिळवला. घरच्या टीव्हीवर त्यांना शब्द लागेनात. पण आमचं मराठी मंडळ जमतं त्या हॉलमध्ये ‘लूप’ आहे, म्हणजे स्पीकरचा आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये जातो. म्हणून मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात मी सिनेमा ठेवला. इथपर्यंत मी शहाणा होतो.

मग सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “अहो, पाहुण्या येणार आणि नुसता सिनेमा? सत्कार नको?”

“छोटासाच करू,” मी म्हणालो. छोटा सत्कार आपल्यात आजवर कुणी पाहिलाय?

शाल झाली, नारळ झाला. अध्यक्ष बोलले, मग माजी अध्यक्ष मागे कसे राहतील? शेवटी मी उठलो. बाईंच्या वडिलांची कारकीर्द मी अशी काही फुलवली की त्यांना स्वतःला ती ओळखता आली नसती. टाळ्या पडत गेल्या, मला सुचत गेलं. मग चहा-वडे.

सिनेमा लागला तेव्हा दुपार सरली होती. वडील येतात अगदी शेवटी, नायकाला पकडायला. नायक अजून जिना चढतोय तोच केअरटेकरने दिवे लावले. आमच्यानंतर हॉल योगावाल्या बायकांचा होता, आणि त्या चटया घेऊन दारात उभ्या होत्या.

बाई खांद्यावर शाल, मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या. “बाबा म्हणायचे,” त्या म्हणाल्या, “मोठ्यांची भाषणं लांबली की कात्री आमच्यावर चालते.”

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य टाळीचं होतं, आणि ते माझ्यावर होतं हे मला घरी जाताना कळलं.

हॉल पुन्हा मिळाला तो चार महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास. या वेळी आम्ही दोघंच. दार उघडलं, हवालदार आत आला आणि नायकाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. मला लख्ख ऐकू आलं. बाईंनी कानातलं मशीन चाचपलं, आवाज वाढवला. मग पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “बोलले का?”

मी मान डोलावली.

“ओठ हलले खरे.”

मी सिनेमा मागे नेला. हवालदार पुन्हा आत आला. मग पुन्हा. लूपचं बटण तपासून आलो. ते चालूच होतं.

शेवटी बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “पुरे,” त्या म्हणाल्या. “दमले असतील ते.”