तीन बायकांचे तक्ते

माझी धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून नालवाडीला आमच्याकडे आली, तेव्हा मी मानसशास्त्रात पीएच.डी. करत होतो. कॉम्प्युटर हा नुसता शब्दही त्या काळी वर्ध्यात मिरवायला पुरायचा आणि मी तो पोटभर मिरवला. माणूस इतरांना कोणत्या कसोट्यांवर जोखतो, हा माझा विषय. मी घरोघरी तक्ते भरून घ्यायचो. नागपूरच्या कॉम्प्युटर सेंटरमधला प्रोग्राम ते सगळे एकत्र ताडून कोण कोणाच्या जवळ पडतो ते छापून द्यायचा.

"दादा, मले वडनेरले परत पाठवू नोको. तो मारते," बहीण म्हणाली. मी म्हटलं, पाहू. आणि आयती सापडली म्हणून तिला तक्त्याला बसवलं.

ओळखीच्या सहा पुरुषांची कार्डं मांडली: वडील, मी, तिचा नवरा, शेजारी, डॉक्टर, शाळेतले गुरुजी. तीन उचलायची, त्यातले कोणते दोन सारखे आणि तिसरा वेगळा का, ते सांगायचं. तिनं तीन उचलली.

"हातातून भांडं पडलं का पह्यले ज्याच्याकडं पाहा लागते, तो एक. ज्याच्यासमोर उचलून आपलं काम करता येते, तो दुसरा."

मी खूश होऊन लिहून घेतलं. अशा तिच्या आठ कसोट्या निघाल्या. माप एकच हवं म्हणून त्याच मी आईला आणि बायकोलाही दिल्या. प्रत्येकीनं एकटीनं बसून प्रत्येक कसोटीवर सहाही जणांना एक ते पाच गुण दिले.

पंधरवड्यानं नागपूरला जाऊन छापील कागद आणले. तिन्ही तक्त्यांत मी आणि बहिणीचा नवरा एकमेकांना खेटून होतो. बाकीचे चौघे लांब. माझे मार्गदर्शक हरखले. "तिघींचा इतका मेळ? सोनं आहे हे!" पुढे प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण झालं.

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. घरात शिरल्या शिरल्या बहिणीचा कागद तिच्यापुढे आपटला. आईची आणि बायकोची पानं पिशवीतच राहू दिली. त्यांना कुठे पाठवणार होतो?

"मी अन् तो सारखेच ना तुले? मंग इथं काय अन् तिथं काय! जा तिकडंच."

"तूच म्हनलं होतं दादा, जे वाटते ते लिव."

ते जास्तच झोंबलं. बायकोनं बहिणीची पेटी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी निघताना चहा झाला. कप-पेले उचलताना बायकोच्या हातून पितळी पेला सुटला आणि खणखणत माझ्या पायाशी आला. तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. पेला कोणीच उचलेना. मी पेटी उचलली आणि बहिणीला म्हटलं, चल, बस चुकेल.