लिंकांची सावड

भित्र्या माणसाकडे किस्से लवकर साठतात. धीट माणूस झालेलं झटकून पुढे जातो, आम्ही मात्र त्यावर आठवडाभर बोलत बसतो. आणि आमचं त्रिकूट तर भित्र्यांचंच आहे. मी दत्ता, निमोण्याचा. गावच्या बातम्या आणि बाजारभाव देणारी वेबसाइट चालवतो. खुटबावचा संतोष दौंडकडच्या बातम्यांची चालवतो. आणि वडगाव रासाईचे आप्पा, रिटायर्ड मास्तर, शेतीवर लिहितात. आम्ही तिघं एखाद्या टपरीवर गप्प बसलेले दिसलो, तर समजावं की कुणाचा तरी ट्रॅफिक पडलाय, म्हणजे साइटवर माणूस फिरकत नाहीये.

* * *

अशाच एका चहाला संतोषनं आयडिया काढली.

"आपण एकमेकांच्या लिंका लावायच्या. माझ्या साइटवर तुमची, तुमच्या साइटवर माझी. माझा वाचक तुमच्याकडं येतो, तुमचा माझ्याकडं. आन् सर्चमध्ये तिघंबी वर सरकतो."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी सावडच की. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू."

एवढं त्यांना कळलं आणि तिथंच आमची पंचाईत सुरू झाली. सावडीला आलेल्या माणसाच्या रानात आपण गेलो नाही, तर पुढच्या वेळी आपल्या खुरपणीला कुणी फिरकत नाही. आप्पांनी हा कायदा इंटरनेटला लावला. पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी फोन.

"दत्ता, तुझ्या चार लिंका माझ्याकडं लागल्या. माझी तुझ्याकडं एकच हाय. आजारी-बिजारी हाईस का?"

तोंड धुवायच्या आधी मी तीन लिंका लावल्या.

* * *

एकदा मी आप्पांची साइट उघडली. उसातल्या हुमणी किडीवरचा लेख, आणि त्याखाली ठळक अक्षरात पत्त्यांच्या जुगाराची लिंक! सायबर पोलीस, जीप, मागे बसलेले आप्पा, आणि जबाबात माझं नाव, एवढं सगळं मला एका क्षणात दिसलं.

"आप्पा, हे कुणी लावलं?"

"मीच. त्यांनी न सांगता आपली लिंक त्यांच्याकडं लावली हुती. मला दिसली. आपण न्हाई फेडायची?"

"आप्पा, तो जुगार हाय!"

"आसंल. पर पहिल्यांदा ते आपल्या रानात आले ना?"

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी लिंक काढली खरी, पण दोन दिवस त्यांचं मन खात होतं. जुगारवाल्यांना काय वाटलं असेल म्हणून!

* * *

मध्ये सर्चवाल्यांनी त्यांचे नियम बदलले आणि संतोष सर्चमधून गायब झाला. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही. बायकोला सांगायची त्याची हिंमत होईना. कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हे सुरू केलं होतं, त्यामुळे भीती खरी होती आणि थट्टा करायची आमचीही छाती नव्हती.

"काल किती माणसं आली?" मी हळूच विचारलं.

"अकरा."

"आरं, मग हायेत की माणसं."

"त्यात नऊ वेळा मीच हुतो," संतोष म्हणाला.

उरलेले दोन म्हणजे मी आणि आप्पा. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

* * *

मग मला तो फोन आला. कुणी तरी हिंदीत, साहेबी आवाजात बोलत होता. "आपकी साइट पे खराब लिंक हैं. चौबीस घंटे में बंद हो जाएगी."

कोण, कुठून, काही न विचारता फोन ठेवला आणि लिंका काढायला बसलो. घाम पुसत एकेक काढत होतो. त्या घाईत काय दाबलं कुणास ठाऊक, अख्खी साइटच उडाली. पांढरं पान राहिलं.

संतोष खुटबावहून गाडी मारत आला. दोन तास खपून त्यानं सगळं परत आणलं आणि म्हणाला, "त्यानं चोवीस तास दिले हुते. तू वीस मिनिटांत उरकलंस."

* * *

इथपर्यंतची भीती हसण्यावारी नेण्यासारखी होती.

आमच्याकडे बिबट्या उसात राहतो आणि ऊस सगळीकडे आहे. माझी आई रोज सकाळी गाईसाठी घास कापायला एकटी रानात जाते, तो तुकडा उसाला लागूनच. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं असं म्हणतात. त्यामुळे बिबट्या म्हटलं की मला आधी आईची वाकलेली पाठ दिसते.

त्या दिवशी डेअरीवर दूध घालताना नामदेव म्हणाला, "वढ्याकडं पिवळं काय तरी हाललं." त्याचं रान आमच्या बांधाला लागून आहे. मी दोन ओळी टाकल्या, ओढ्याकडे बिबट्या आल्याची चर्चा. संतोषनं मला लिंक देऊन छापलं, 'निमोण्यात बिबट्या'. आप्पांनी सावडीप्रमाणे संतोषला लिंक दिली आणि शेतकऱ्यांनी काय काळजी घ्यावी ते लिहिलं. आप्पांवरून आणखी एका साइटनं उचललं, 'बिबट्याची दहशत'.

दुसऱ्या दिवशी मी सर्च केलं, तर तीन-तीन साइटवर बिबट्या! मी लगेच लिहिलं, 'तीन ठिकाणांहून दुजोरा'. एवढी माणसं माझ्या साइटवर कधी आली नव्हती. पण आनंद कसला, मी आईचं रानात जाणं बंद केलं.

"मग गाय काय तुझी वेबसाइट खाती का?" आई म्हणाली.

गावात पोरं शाळेला जाईनात, बायका खुरपायला जाईनात. तेव्हा वनरक्षक आले. वयानं पोक्त, शांत माणूस. "पहिल्यांदा पाहिलं कुणी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मोबाइल काढून उलट्या दिशेनं लिंका दाबत गेलो. चौथ्या साइटवरून आप्पा, आप्पांवरून संतोष, संतोषवरून मी. आणि मी लिहिलं होतं ते नामदेवच्या एका वाक्यावर. आम्ही नामदेवकडे गेलो.

"मला काय म्हाईत?" नामदेव म्हणाला. "धुकं हुतं. पर तुमच्याकडं तीन ठिकाणांहून दुजोरा वाचला, तवा म्हणलं, बिबट्याच आसंल."

वनरक्षकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते ओढ्याकडे निघाले.

* * *

दोन दिवस त्यांनी ओढा पिंजून काढला. निघताना मला म्हणाले, "ठसे मिळाले न्हाईत. तेवढंच लिहा. बिबट्या न्हाई असं लिहू नका."

मी तेवढंच लिहीत होतो. संतोषचा फोन आला. "'ठसे मिळाले नाहीत' कोण वाचणार? सरळ 'बिबट्या नाही' टाक."

खरं सांगायचं तर त्यानं मला भरीस घातलं नाही. इतके दिवस मी इतका भ्यालो होतो की बिबट्या नसावा असं मलाच वाटत होतं. मी टाकलं, 'निमोण्यात बिबट्या नाही, निव्वळ अफवा'. दोघांनी लगेच लिंका लावल्या. मी निवांत झोपलो.

सकाळी उठलो तर माझी बायको सुनीता भाकरी थापत होती. आई दिसेना.

"आई कुठाय?"

"घास आणायला गेल्या. काल तुमची बातमी वाचून दाखवली ना मी आत्याबाईंना."

तेवढ्यात मोबाइल वाजला. नामदेव दबक्या आवाजात बोलत होता.

"दत्ता, तुमच्या बांधावर हाय तो. आत्ता मी डोळ्यानं बघितला, दिवसाढवळ्या. रानात कुणी न्हाई ना तुमचं?"

मी चप्पलही घातली नाही. तसाच रानाकडे पळत सुटलो. मागून सुनीता परात बडवत येत होती. उसाच्या कडेला पोचलो तर आई वाकलेली. मी खांद्याला धरून तिला उभी केली. हात बघितले, मान बघितली. हातात विळा तसाच होता.

आईनं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "असा का पळतुयास?"

"आई, हितं काय दिसलं का तुला?"

"व्हय की. दांडगं कुत्रं आलं हुतं एक. समोर बसलं, हालंना. ढेकूळ फेकून मारलं, तवा उसात गेलं."

"कुत्रं?"

"आधी मलाबी बिबट्याच वाटला," आई म्हणाली. "पर तू लिवलं हुतंस ना, न्हाई म्हणून."