देवघरामागची खोली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. परकी माणसं समोर आली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून जे बोलायचं राहतं ते लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

नारायण पेठेतलं आमचं घर जपायच्या घरांच्या यादीत आहे. बाहेर तशी पाटी लावली आहे. रविवारी सकाळी माणसं घोळक्याने येतात आणि सज्जाचे फोटो काढतात. एकाने मला वाळत घातलेली चादर काढायला सांगितली, फोटोत येते म्हणून. मी काढली. ओली चादर हातात धरून त्याचा फोटो होईपर्यंत दाराआड उभी राहिले.

या घराचा संडास मागच्या अंगणापलीकडे आहे. पायऱ्या उतरायच्या, फरशी ओलांडायची, मग संडास. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा पाय ओढत चालतात. मी खालच्या पायरीवर उभी राहून त्यांना उतरवून घ्यायची. पावसाळ्यात शेवाळावरून दोघंही पडलो, तेव्हा नाइलाजाने पलंगाशी भांडं ठेवलं. हे मानी गृहस्थ. भांडं दिलं की मान भिंतीकडे वळवायचे. मग हळूहळू पाणीच कमी प्यायला लागले. ओठ सुकलेले दिसायचे, पण तांब्या पुढे केला तरी नको म्हणायचे.

मागच्या बाजूला, देवघराच्या भिंतीला लागून एवढीशी जागा आहे. तिथे संडास बांधला तर ह्यांना पलंगापासून भिंत धरून जाता आलं असतं. पण यादीतलं घर, समितीच्या परवानगीशिवाय वीट लावता येत नाही. घर ह्यांच्या आणि धाकट्या भाऊजींच्या नावावर आहे. भाऊजी शिकलेले, खराडीला मोठ्या कंपनीत आहेत. मी बघतो वहिनी, तुम्ही काळजी करू नका, असं म्हणाले. मीही केली नाही.

भाऊजींनी अर्ज दिला आणि समितीकडून एक सर आणि एक मॅडम पाहायला आले. मी पोहे केले. खांबांवरून हात फिरवून झाला, मागची भिंत पाहून झाली. सर म्हणाले, अशी शाबूत भिंत आता पेठेत पाहायला मिळत नाही. मग मॅडमनी विचारलं, ही वाढीव खोली कशासाठी हवी आहे?

"जरा ऐसपैस व्हावं म्हणून," भाऊजी म्हणाले. "घरच्यांना बसायउठायला."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. वाटलं, पुढे सांगतील. पुढे त्यांनी आजोबांनी सागवान कुठून आणलं होतं ते सांगितलं. आतल्या पलंगावरून हे माझ्याकडे बघत होते. सर म्हणाले, बसायउठायला घरात जागा पुष्कळ आहे, त्यासाठी ही भिंत झाकू देता येणार नाही. भाऊजींनी मान डोलावली.

ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तेव्हा मी दबक्या आवाजात विचारलं, असं का सांगितलंत? तर म्हणाले, "परक्या बाईसमोर संडास संडास काय करायचं वहिनी? आणि देवाच्या पाठीशी संडास बांधतोय, हे आपल्या तोंडाने सांगायचं?"

त्यांच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे काय आहे ते मी पाहिलं आहे. इथे पूजा करताना घंटा ऐकू येते, तिथे फ्लश. पण ते घर यादीत नाही.

तेवढ्यात मॅडम दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, जरा टॉयलेटला जायचं होतं. मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी निऱ्या वर उचलल्या, पायऱ्यांवर माझा हात धरला, शेवाळावर एकदा घसरता घसरता वाचल्या. बाहेर येईपर्यंत मी बादली घेऊन उभी होते. माझे कान गरम झाले होते. इतका राग मला पूर्वी कधी आला असेल तर आठवत नाही.

"आम्हाला खोली नकोय मॅडम," मी म्हणाले. "संडास आत पाहिजे. ह्यांना इथवर येता येत नाही."

त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "मग तसं सांगितलं का नाही?"

"सांगणारे खराडीला राहतात."

आत जाऊन त्या सरांशी बोलल्या. सर ह्यांच्या पलंगाशी जाऊन उभे राहिले, मग म्हणाले, आजारी माणसासाठी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या भिंतीला धक्का न लावता, पुढेमागे काढून टाकता येईल असं बांधा. दोन्ही भावांच्या सह्यांनी नवा अर्ज द्या, आम्ही विचार करू.

भाऊजी म्हणाले, "देवघर तिथे असेपर्यंत मी सही करणार नाही."

मी हातपाय धुतले. देवघरात गेले. दिवाणखान्यात रस्त्याकडच्या भिंतीशी काचेचं कपाट आहे, त्यात भाऊजींचे शाळेपासूनचे कप आणि ढाली मांडलेल्या आहेत. एक फळी मोकळी करून कप जमिनीवर ठेवले, फळी पुसली आणि एकेक देव आणून तिथे बसवला. सगळे बघत होते. देव एकही पडला नाही.

"आता देवांच्या मागे रस्ता आहे," मी म्हणाले. "रस्ता चालतो ना भाऊजी?"

पलंगावरून हे हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू वाकडं झालं आहे.

भाऊजींनी सही केली. परवानगी आली, बांधून झालं. हे आता तांब्याभर पाणी पितात आणि मला हाक न मारता जाऊन येतात. माझा राग मात्र गेलेला नाही. कुणाला तरी एक शब्द उच्चारायची लाज वाटत होती आणि ह्यांचे ओठ सुकत होते, हे मी विसरणार नाही.

पाडव्याला भाऊजी आले. कपाटापुढे हात जोडले, चहा घेतला आणि हात धुऊन येतो म्हणून मागे गेले. बऱ्याच वेळाने परत आले.

"छान झालंय हो वहिनी," म्हणाले. काय छान झालंय ते काही म्हणाले नाहीत.