काचेतला चाकू सरांचा नव्हे

उत्तम सर गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली होती आणि मी डब्याचं झाकण काढून बसले होते. फोनवर शांताकाकू होत्या, सरांच्या मिसेस. "पोरी, सर गेले गं... चहा घेतला, पेपर मागितला, मी पेपर घेऊन आले तर गेल्ते," एवढंच बोलल्या. मी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे उठून उभे राहिले. नाना सरांनी डोळ्याला रुमाल लावला. ते खोटं रडले असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ते जे बोलले आणि शाळेनं जे केलं ते माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आता एक काचेचं कपाट आहे. त्यात एक लाल, चकचकीत, घडीचा चाकू ठेवलाय आणि खाली चिठ्ठी लावलीय, 'कै. उत्तम सरांचा चाकू'. आमच्या बौद्धांत 'कालकथित' लिहितात, तेही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. पण ते बाजूला ठेवू. मुळात तो चाकू सरांचा नव्हेच.

आमची शाळा भोकरदनच्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण गावाशी नाही. मी तिकडे वडीगोद्रीकडची. माझी आई बियाण्याच्या प्लॉटवर कापसाच्या फुलांचं काम करायची, वडील मिळेल त्या कामाला जायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, मग बी.एड. झाले. हे मी मिरवायला सांगते आहे का? हो, मिरवायलाच. आईनं मळ्यावर कुणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलेलं मी पाहिलंय आणि मला वाटायचं, डिग्री हातात आली की हे संपलं. शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत उत्तम सरांनी खिशातून चाकू काढला, अंगठ्याच्या नखानं पातं उघडलं, पेरूच्या फोडी केल्या, वर मीठ-तिखट टाकलं आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. "घ्या बाई. दारातल्या झाडाचे हेत. शांताबाईनं धुऊन दिलेत." मी घेतली. बाकीच्यांनी घेतली. नाना सर म्हणाले, "मला आपला अख्खाच द्या. कापला का चव राहत न्हाई." सरांनी पिशवीतून एक अख्खा पेरू काढून दिला. तो पेरू नुसता सापडला नव्हता, वेगळा ठेवलेला होता. मला वाटलं, असतात काही माणसं खाण्याच्या बाबतीत नखरेल. मग नाना हसले आणि मी पाहिलं की त्यांच्या तोंडात वर-खाली सगळी कवळी आहे.

कवळीचा माणूस अख्खा पेरू मागतो... मी बरेच दिवस बघत राहिले. नाना तो पेरू कधीच तिथं खायचे नाहीत. रुमालात बांधून घरी न्यायचे. काकडी असो, वाळूक असो, तेच. डबे सगळ्यांचे मध्ये यायचे, नानांचा हात सगळ्या डब्यांत जायचा, फक्त दोन डबे सोडून. एक सरांचा आणि दुसरा माझा. भांडण नाही, वाईट शब्द नाही. उलट 'सर, सर' करून बोलायचे. जालन्यातून रोज सरांच्याच मोटरसायकलवर मागं बसून यायचे, खड्डा आला की सरांचा खांदा धरायचे. खांदा चालायचा. फळ चालायचं. त्या फळातून सरांचा चाकू फिरला की मात्र ते चालायचं नाही. आमचे गजानन सर, ते शेतकऱ्याच्या घरातले, वयानं माझ्याएवढे, एकदा बोलून गेले, "नाना, जपून चावा बरं. कवळी पेरूतच राहिली तर पेरूला दात येतील." सगळे हसले. नानाही हसले. पेरू रुमालात गेला.

तो चाकू दिसायला काहीच नव्हता. सरांचा चुलतभाऊ इथल्याच एका कारखान्यात कामाला होता, त्यानं लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं घासून तो करून दिला होता. मूठ बाभळीची, त्यात पितळेचा एक खिळा. सरांना पहिलीचा वर्ग मिळाला तेव्हा पोरांच्या पेन्सिली तासायला म्हणून घेतला, तेवढीच त्याच्याकडून अपेक्षा. "दोन वर्षं टिकला तरी बास म्हटलं व्हतं मी," सर सांगायचे, "तर ह्यो माझ्या बराबर रिटायर व्हायला निघाला." पेरूच्या रसानं पातं काळं पडायचं, मग सर हापशाच्या ओट्यावर दोन थेंब पाणी टाकून ते घासत बसायचे. गावातल्या किती पोरांच्या पेन्सिली त्या पात्यानं टोकदार झाल्या. कुणाचा बाप कधी भांडायला आला नाही की माझ्या पोराची पेन्सिल ह्यांच्या चाकूनं का तासली. पेन्सिल पोरं तोंडात घालून चघळायची, तरी नाही.

मी सरांशी भांडायचे. मोटरसायकलपर्यंत जाता जाता म्हणायचे, "सर, त्यांच्यासाठी अख्खा वेगळा काढून आणता कशाला? आपणच आपला अपमान पिशवीत भरून आणायचा?" सर हळू आवाजात म्हणायचे, "अपमान माझा न्हाई, त्यांचा होऊन राह्यला. बिनदाताचा माणूस उपाशी उठू नये म्हणून आणतो मी." मग हसून, "एक दिवस इसरतील बघ. माणूस भुकेला असला, गप्पात असला, का हात आपोआप जातो. मला तेवढंच बघायचंय." एवढीच त्यांची त्या चाकूकडून अपेक्षा होती. सरांनी भाषण कधी केलं नाही, अर्ज केला नाही, तक्रार केली नाही. रोज सगळ्यांच्या देखत फोडी करायच्या आणि वाट बघायची. मला राग यायचा. ही काय रीत झाली? पण खरं सांगायचं तर ती रीत निम्मी लागू पडली. हेडसरसुद्धा सुरुवातीला 'आज उपास आहे' म्हणायचे, असं सरच सांगत. मी आले तोवर हेडसर तिखट जास्त टाका म्हणून सांगायला लागले होते. नवीन येणाऱ्यांना तर यात काही असतं हेच माहीत नव्हतं. उरले होते एकटे नाना.

आणि मग तो काट्याचा दिवस. पोरांकडून मैदान साफ करून घेताना नानांच्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला आणि आत मोडला. नाना पांढरे पडले, व्हरांड्यात बसून विव्हळायला लागले. दवाखाना लांब, मोटरसायकलवर पाय खाली सोडवेना. सर म्हणाले, "नाना, काढू का मी? भरवसा हे ना?" नानांनी मान हलवली. खिचडीच्या चुलीवर पाणी उकळत होतं, सरांनी चाकू त्यात बुडवला, नानांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि टोकानं कातडी जराशी उचलून काटा अलगद बाहेर ओढला. गजानन सरांनी हळद आणली. नाना घाम पुसत म्हणाले, "सर, तुमच्या हाताला देव हे." सर देव मानत नव्हते, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, सरांनी पिशवीतून पेरू काढले आणि सगळेच्या सगळे कापले. वेगळा एकही ठेवला नाही. ताटली फिरत फिरत नानांपुढं गेली. सर त्यांच्याकडे बघत नव्हते, खिडकीतून बाहेर बघत होते, मुद्दाम. नाना म्हणाले, "सर, माझा अख्खा?"

सर म्हणाले, "आज इसरलो नाना. उद्या आणतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आणला. इतक्या वर्षांत मी सरांचा चेहरा तसा पडलेला दुसऱ्यांदा पाहिला नाही. चाकू नानांच्या मांसात गेलेला चालला, पेरूत गेलेला चालला नाही. यावर काय बोलायचं? मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं, त्यात याचं उत्तर कुठं नव्हतं.

सर रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभाची भेटवस्तू आणायचं काम नानांनी आपणहून घेतलं. जालन्यात जाऊन त्यांनी एक लाल चाकू आणला. त्यात दोन पाती, कात्री, कानस, दात कोरायची काडी आणि बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रूसुद्धा. सर आयुष्यात दारूच्या वाटेला गेले नाहीत. नाना म्हणाले, "सर, तो तुमचा जुना टाका आता. हा फॉरेनचा हे." सरांनी सगळ्यांच्या देखत तो उघडला, पहिल्याच पेरूत रोवला, तर पातं वाकून मुठीला टेकलं. सरांनी ते अंगठ्यानं सरळ केलं, चाकू मिटून खिशात ठेवला आणि दुसऱ्या खिशातून आपला जुना काढला. "नवा हे, लाजून राह्यला," म्हणाले. घरी गेल्यावर त्या लाल चाकूतली एक कात्री तेवढी कामाची निघाली. शांताकाकू शिलाई मशीनचा दोरा तोडायला ती वापरायच्या. मूठभर हत्यारांतून एक तरी खरं निघालं म्हणायचं.

शाळेतल्या शोकसभेत नाना बोलले. मी समोर बसले होते. "सरांच्या हातची पेरूची फोड म्हणजे अमृत होतं," ते म्हणाले. "आम्ही एका ताटात जेवलो. त्या चाकूनं आम्हाला एक केलं." टाळ्या वाजत नाहीत शोकसभेत, नाहीतर वाजल्या असत्या. मी गजानन सरांकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. मला उठून बोलायचं होतं. पण फोटोशेजारी शांताकाकू बसल्या होत्या आणि त्यांनी मला नजरेनंच बस म्हटलं. शेवटी नानांनी सूचना मांडली की सरांचा चाकू शाळेनं जतन करावा, काचेत ठेवावा, पोरांना प्रेरणा मिळेल. ज्या चाकूची फोड जन्मात जिभेला लावली नाही, त्याला आता हार घालायचा. माणूस जित्ता असताना चार हात लांब आणि मेल्यावर काचेत, म्हणजे लांबच. हे आम्हाला नवं नाही, आमच्या मोठ्यामोठ्यांचं हेच केलं लोकांनी. पण ते माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या सरांचं करायला निघाले होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पुढच्या रविवारी हेडसर, नाना आणि गजानन सर चाकू न्यायला सरांच्या घरी आले. मी सकाळपासून काकूंच्या सोबतीला होते. काकूंनी पाहुण्यांसाठी दारातले पेरू तोडून आणले आणि बोलता बोलता समोरच फोडी करायला बसल्या. तोच चाकू, बाभळीच्या मुठीचा. ताटली पुढं केली. हेडसरांनी घेतली, गजानन सरांनी घेतली. नाना म्हणाले, "वहिनी, मला अख्खाच द्या एखादा. घरी घेऊन जातो."

काकूंनी वर पाहिलं नाही. "अख्खे न्हाईत नाना. सगळे कापले."

"मंग राहू द्या. डॉक्टरनं गोड कमीच कर म्हणून सांगितलंय."

हेडसर खाकरले आणि चाकूचा विषय काढला. काकूंनी हातातला चाकू उलटा-पालटा करून पाहिला. "हा? हा तर मला लागतो. हा दिला तर मी कांदा कशानं कापू?"

"वहिनी, मोठ्या माणसाची वस्तू हे," नाना म्हणाले. "घरात पडून राहू नये."

"पडून कुठं हे? चालू हे की," काकू म्हणाल्या. मग उठल्या, मशीनच्या खणातून तो लाल चाकू घेऊन आल्या आणि नानांच्या पुढ्यात ठेवला. "हा न्या. हा बिलकुल तुमचाच हे, तुम्हीच दिल्ता. कात्री तेवढी चांगली व्हती, पर आता राहू द्या, मी दातानं तोडीन दोरा."

हेडसर म्हणाले, "पण वहिनी, सर तर त्या..." नानांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "चालतो, चालतो. हा दिसायलाबी बरा हे." आणि जल्दी खिशात टाकला. ते खरंच खूश झाले होते. त्या चाकूचं कापलेलं कुणी कधी खाल्लेलंच नव्हतं, तो सोवळा होता. ते गेल्यावर मी रागानं ताटली बाजूला सरकवली. काकूंनी नुसतं एवढंच म्हटलं, "पोरी, फोडी काळ्या पडून राह्यल्या. खाऊन घे."

तर असा तो चाकू कपाटात आला. नाना पोरांना रांगेत उभं करून तो दाखवतात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते.

काकू मला अधूनमधून झाडाचे पेरू देतात. मधल्या सुट्टीत मी ते टेबलावर काढते. माझा चाकू साधा, भाजीचा, प्लास्टिकच्या मुठीचा, त्याला काही इतिहास नाही. सरांसारखी मी खिडकीतून बाहेर बघत नाही आणि वेगळा काढूनही ठेवत नाही. फोडी करते, मीठ-तिखट टाकते, ताटली सगळ्यांपुढून फिरवत नानांपुढं आणून ठेवते आणि हात मागं घेत नाही. नाना कवळी चाचपत म्हणतात, "बाई, मला आपला अख्खाच..."

"अख्खे न्हाईत नाना," मी म्हणते. "सगळे कापले."