दुकानात दिलेलं लॉक

बोईसर स्टेशनबाहेरच्या दुकानात मी मोबाइलची फुटलेली काच बदलायला दिली. दुकानदार म्हणाला, "लॉक सांगून जा, चेक करायला लागतं." मी सांगितलं. रिक्षात बसताना चष्मा काउंटरवर राहिल्याचं आठवलं म्हणून परत गेले, तर तो माझ्या बहिणीच्या बाळंतपणातले फोटो एकेक करून पाहत होता.

"फोन खाली ठेवा."

"टच चेक करत होतो, मॅडम."

"माझ्यासमोर करा. मी इथंच बसते."

काच बसेपर्यंत मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. पाम गावात घरी पोचल्यावर आधी लॉक बदललं, मग बहिणीला सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, "फोटो कुठं पाठवले तर नाय ना त्यानं?"

ठामपणे नाही म्हणणं मला जमलं नाही.