राख समजून टाकलेली धूळ

डॉक्टरनं छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि आमच्या यायले विचारलं, "बाबूजी, किस कारखाने में थे?"

"कारखान्यात काहून? रेल्वेत बुकिंग क्लर्क होते," नवऱ्याच्या वतीनं मीच बोलली. रिटायर झाल्यापासून हे दिवसभर घरामागच्या बाडीत, भाज्यायच्या वाफ्यात असायचे.

इंटरस्टिशियल लंग डिसीज, डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुप्फुसाची मऊ जाळी कडक होत जाते, मग श्वास आत मावत नाही. "जो गया, वो लौटेगा नहीं. जो बचा है, उसे धूल से बचाइए."

सुरुवात साध्या खोकल्यानं झाली. काढे पाजण्यात मी वर्ष घालवलं. मग दोन पायऱ्या चढून हे बसायले लागले. एक्स-रे झाला, फुप्फुसाचा बारीक फोटो म्हणजे एचआरसीटी झाला. मग नळीत फुंकायची तपासणी. आतून नर्सदीदी ओरडत होती, "और, अंकल, और!" बाहेर बाकावर मी रडत होती.

डॉक्टरनं खोदून विचारलं तेव्हा खरं निघालं. रायपूरजवळच्या आमच्या बीरगावात कारखान्याची काळी धूळ रोज छतावर साचते. आमच्या मूळ गावी, वर्ध्याकडे, वांग्यावर, वालावर चुलीची राख टाकतात, कीड लागत नाही. इथं गॅसवर राख कुठली? यायनं ती धूळच राख म्हणून वापरली. हे छत झाडायचे आणि मी, मेली मोठी शहाणी, मैद्याच्या चाळणीनं चाळून द्यायची. चार वर्षं! मातीवर पापुद्रा धरला, पाणी मुरेना, पानं करपली. हे म्हणायचे, "अजून थोडी टाकून पाहू." वाल सुकून राहिला ते दिसत होतं मले, माणूस नाही दिसला.

तुम्ही कारखान्याजवळ राहत असाल तर बाई, छत कोरडं झाडू नका. पाणी मारून पुसा. आणि खोकला लांबला तर माझ्यासारखे काढे उकळत बसू नका.

पोट्टी नव्या रायपुरात राहते. म्हणे, "मम्मी, बाबा को यहीं ले आओ." हे ऐकतील तर शप्पथ! "बाडीत एक वेल उभा आहे तोवर मी हलत नाही."

आठ दिवस समजावलं. डॉक्टरचे शब्द डोक्यातून जात नव्हते. शेवटी एका सकाळी मीच पदर खोचून बाडीत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात यायले विचारल्याशिवाय तिथलं पान तोडलं नव्हतं. वाल उपटला, वांगी उपटली. मुळं बोटभरही नव्हती.

मागं वळून पाहते तर हे दारात. नाकाला ऑक्सिजनची नळी, एक हात चौकटीवर. मले वाटलं, आता शिव्या घालतील. हे कितीतरी वेळ श्वास गोळा करत राहिले.

"हळू ओढ," मग म्हणाले. "धूळ उडून राहिली. तुलेही लागन."